‘साधं पण भारी’ मागणारा ग्राहक: नाशिकमध्ये नव्यानं डिझाइनचं काम सुरू करणाऱ्यांसाठी

“साधंच करा, पण भारी दिसलं पाहिजे.” “मॉडर्न हवं, पण आपलं पारंपरिक वाटलं पाहिजे.” “रंग भडक नको, लांबून मात्र उठून दिसायला हवं.” “तुम्हाला आवडेल ते करा,” आणि केल्यावर, “मजा नाही आली राव.”

नाशिकमध्ये ग्राफिक डिझाइनचं काम सुरू केलं की ही वाक्यं लवकरच पाठ होतात. मग ती मित्रांच्या ग्रुपवर टाकायची, चार जणांनी हसायचं आणि पुन्हा कोरल ड्रॉ हे डिझाइनचं सॉफ्टवेअर उघडून अंदाजपंचे काहीतरी करत बसायचं, अशी एक रीतच पडून गेली आहे. सिडकोतल्या घरातून काम करणारा असो की कॉलेज रोडला भाड्याचं टेबल घेतलेली मुलगी, दोघांची संध्याकाळ यातच जाते.

दोन गोष्टी सुरुवातीलाच सांगून टाकतो. मोघम मागणीमागे बहुतेक वेळा एक अगदी नेमकी काळजी असते. ग्राहकाला ती डिझाइनच्या शब्दांत सांगता येत नाही, एवढंच. आणि परस्परविरोधी मागणीमागे बहुतेक वेळा दोन माणसं असतात, त्यातलं एकच तुमच्यासमोर बसलेलं असतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच दोन गोष्टींवर उभ्या आहेत.

पहिली पायरी: ‘कसं हवंय’ विचारू नका, ‘कुठं लागणार’ विचारा

नव्या डिझायनरचा पहिला प्रश्न ठरलेला: “तुम्हाला कसं हवंय?” असं विचारलं की उत्तर मोघमच येणार. चिवडा विकणाऱ्या माणसाला रंगसंगती, मोकळी जागा, अक्षरांची जाडी यांवर बोलता येत नाही, आणि यायचं काही कारणही नाही. त्याला जे पक्कं माहीत आहे ते विचारा. हे कुठं लागणार? बघणारा चालत जाणारा, गाडीवरचा, की हातात धरून वाचणारा? तो तुम्हाला आधीपासून ओळखतो का? बघून झाल्यावर त्यानं काय करायचं: फोन करायचा, दुकानात यायचं, की नुसतं नाव लक्षात ठेवायचं? किती दिवस टिकायला हवं? यातल्या एकाही प्रश्नाला ‘भारी’ हे उत्तर देता येत नाही.

उदाहरणार्थ, मुंबई नाक्याजवळ लावायचा क्लासचा फ्लेक्स. सरांनी दिलेलं मॅटर असं: क्लासचं नाव, नव्या बॅचच्या तारखा, बारा मुलांचे फोटो गुणांसकट, तीन शाखांचे पत्ते, चार फोन नंबर. आणि वर, “जरा मोकळं मोकळं वाटू द्या.” इथं वाद घालू नका, हिशेब मांडा. बोर्डाच्या धंद्यात एक ढोबळ नियम चालतो: सहज वाचता यायला दर दहा फूट अंतरामागे साधारण एक इंच उंचीचं अक्षर. गाडीवरच्या माणसाला २०० फुटांवरून वाचता यावं असं वाटत असेल, तर अक्षर २० इंचांचं. देवनागरीत वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार असतात, त्यामुळं एका ओळीला ३० इंच तरी धरा. फ्लेक्स १० फूट उंच, म्हणजे १२० इंच. चार ओळी झाल्या, जागा संपली. सर गणिताचे असतील तर फारच उत्तम. हा हिशेब कागदावर समोर मांडला की बारांमधले तीन फोटो कोणते ठेवायचे आणि पत्ते पत्रकावर कसे न्यायचे, हे ते स्वतःच ठरवतात. तुम्ही सुचवलं असतं तर “तुम्ही कमी काम करताय” असं वाटलं असतं.

दुसरी पायरी: शब्दाला वस्तू जोडा

‘पारंपरिक’ हा नाशिक जिल्ह्यात सर्वांत जास्त ऐकू येणारा आणि सर्वांत कमी सांगणारा शब्द. येवल्याच्या साडीवाल्याच्या तोंडी त्याचा अर्थ पैठणीचा पदर. पण पदरावरचं काय? बांगडी मोर, मुनिया, आसावलीची वेल, की नारळी काठ? तो विणकर घरातला असेल तर एका क्षणात सांगेल, आणि तुम्ही इंटरनेटवरून उचललेला भलताच मोर टाकलात तर त्याच क्षणात तुमची किंमत करेल. मळ्यात मिसळीचं हॉटेल काढणाऱ्यासाठी पारंपरिक म्हणजे चूल, बाज, बैलगाडीचं चाक. पंचवटीत पूजासाहित्य विकणाऱ्यासाठी घाट, दिवे, काळ्या पाषाणाचं मंदिर. तिघांनाही पारंपरिकच हवंय. आणि आपली नवी मंडळी काय करतात, तर शब्द कानावर पडला की वारली चित्रातली माणसं गोल नाचवतात! वारलीबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो, साडीच्या दुकानापासून दातांच्या दवाखान्यापर्यंत सगळीकडं ती नाचायची गरज नाही.

सध्या नवा शब्द आला आहे: ‘कुंभाचा फील’. २०२७चा सिंहस्थ जवळ आल्यानं हॉटेलं, प्रवासी गाड्या, होमस्टे, पाण्याच्या बाटल्या, सगळ्यांनाच तो हवा आहे. इथं अजून एक प्रश्न विचारावाच लागतो: कुंभ कुठला, नाशिकचा की त्र्यंबकेश्वरचा? वैष्णव आखाड्यांचं स्नान नाशिकला रामकुंडावर होतं, शैव आखाड्यांचं त्र्यंबकेश्वरला कुशावर्तावर. भस्म लावलेले, कपाळावर आडवं त्रिपुंड्र असलेले नागा साधू रामकुंडाच्या फोटोवर चिकटवले तर दिल्लीच्या पर्यटकाला कळणार नाही, पण पंचवटीतल्या शाळकरी पोराला कळेल. वैष्णवांचं गंध उभं असतं. ग्राहक स्वतः हे सांगणार नाही, कारण त्याला ते सांगण्यासारखं वाटतच नाही. छापून झाल्यावर चूक मात्र त्यालाच पहिली दिसेल.

बाकीचे शब्द त्या मानानं सोपे. ‘रिकामं रिकामं दिसतंय’ याचा अर्थ बहुधा ‘पैसे दिले त्या मानानं कमी वाटतंय’ किंवा ‘माझं नाव दिसत नाहीये’. त्यावर लगेच फुलं भरायला घेऊ नका, “नेमकं काय राहिल्यासारखं वाटतंय?” एवढं विचारा आणि गप्प बसा. ‘लोगो मोठा करा’ यावर उपाय पुष्कळदा लोगोच्या आजूबाजूची गर्दी हटवणं हा असतो. तसं करून दाखवा आणि काय बदललं ते बोलू नका. ‘प्रीमियम’ ऐकलं की भाव विचारा. २०० ग्रॅम बेदाण्याचं पाकीट किती रुपयांना, कुठल्या दुकानात, फळीवर शेजारी कोणाचा माल? गावच्या किराणा दुकानातलं प्रीमियम आणि गंगापूर रोडवरच्या सुपरमार्केटमधलं प्रीमियम यांत सोनेरी शाईइतकं अंतर असतं.

शब्द कुठंच लागू होत नसेल तर आवडीऐवजी नावडीबद्दल विचारा. “कुठला बोर्ड आवडतो?” यावर माणूस अडखळतो. “तुमच्या लाइनीतला कुठला बोर्ड डोळ्याला खुपतो?” यावर भरभरून बोलतो, कारणांसकट. शक्य असेल तर त्यांच्यासोबत मेन रोडवरून सराफ बाजारापर्यंत चालत जा आणि ते जिथं जिथं नाक मुरडतील तिथं फोटो काढा. टेबलाशी बसून तासभर बोलूनही जे कळत नाही, ते या फेरीत कळतं.

हल्ली ग्राहक एआयनं बनवलेलं चित्र घेऊन येतात आणि म्हणतात, “असंच, पण वेगळं.” चिडू नका. ते चित्र म्हणजे ग्राहकानं तयार करून आणलेली नावड-आवडच आहे. त्यातल्या तीन गोष्टी त्यांनाच बोटानं दाखवायला सांगा. बहुतेक वेळा रंग आणि एखादं पान किंवा मुकुट एवढंच आवडलेलं असतं. देवनागरी अक्षरांची त्यात वाट लागलेली असते, हे त्यांनाही दिसतं.

तिसरी पायरी: दुसरा माणूस शोधा

ही पायरी जमली की निम्मी कटकट संपते, म्हणून इथं जरा थांबू.

पिंपळगाव बसवंतकडचं एक द्राक्ष बागायतदार घर डोळ्यासमोर आणा. मुलगा तुमच्याकडे येतो. त्याला खोक्यावर इंग्रजी नाव हवंय, गडद रंग, कमी मजकूर. परदेशी सुपरमार्केटमध्ये ५०० ग्रॅमचं पनेट, म्हणजे फळांची छोटी प्लास्टिकची डबी, कसं दिसतं ते त्यानं पाहिलेलं आहे. तुम्ही तसं करून पाठवता. रात्री साडेनऊला व्हॉइस मेसेज येतो: “भारी झालंय, फक्त वर सप्तशृंगी देवीचा फोटो घ्या, द्राक्षाचा घड मोठा करा आणि बाबांचं नाव टाका.” सकाळी अकराला परत मेसेज: “देवी नको, साधं ठेवा.” दुपारी, “घड तरी मोठा करा.”

मुलगा चंचल नाही. रात्री जेवताना खोकं वडिलांनी पाहिलं, सकाळी तो एकटा होता, दुपारी परत घरी गेला. विरोधी मागण्यांच्या वेळा बघत जा. घरात कोण कधी असतं याचा पत्ता त्यांतून लागतो. ही दोन माणसं प्रत्येक धंद्यात असतात: दुकानात बसणारा भाऊ आणि हिशेब बघणारा भाऊ, हॉटेलमालक आणि त्याच्या सौ., बिल्डर आणि त्याचा सेल्सवाला, संस्थेचे अध्यक्ष आणि प्राचार्य मॅडम. कधी दुसरा माणूस घरातला नसतोही. प्रेसवाला म्हणालेला असतो, “एवढा काळा रंग नीट बसणार नाही,” आणि ग्राहक ते ‘जरा हलकं करा’ अशा भाषेत तुमच्यापर्यंत आणतो.

शोधायचं कसं? सरळ “निर्णय कोण घेणार?” असं विचारू नका, समोरच्याला कमीपणा येतो आणि तो छाती फुगवून “मीच” म्हणतो. त्याऐवजी पहिल्याच भेटीत सहज विचारा: “हे घरी कोणाकोणाला दाखवाल?” “मागचं खोकं कोणी पसंत केलं होतं?” “छापायला टाकण्याआधी कोणाचा फोन येईल?” तीन उत्तरांत तेच नाव दोनदा आलं, की तो तुमचा दुसरा माणूस. मग म्हणा: “दादा, पुढच्या वेळी बाबांनाही घेऊन या ना. त्यांना बागेतलं जास्त माहीत असणार, मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत.” आणि खरोखर विचारा. वडिलांना मान हवा असतो हे तर आहेच, पण घड मोठा का हवा हे तेच सांगू शकतात. स्थानिक बाजारात जाणाऱ्या खोक्यावर व्यापारी आधी घड बघतो असं ते म्हणाले, तर मग एकाच खोक्यावर भांडण्यात अर्थच नाही. निर्यातीचं खोकं वेगळं, मुंबई-दिल्लीला जाणारं वेगळं. नाव आणि रंग तेच. देवी झाकणाच्या आतल्या बाजूला: उघडणाऱ्याला दर्शन, फळीवर साधेपणा.

दोघांच्या मागण्यांना वेगवेगळे पृष्ठभाग देणं ही युक्ती पुष्कळदा लागू पडते. बोर्डावर एकाचं, पाकिटावर दुसऱ्याचं. व्हिजिटिंग कार्डाच्या पुढं मुलगा, मागं वडील. पण अट एक: तुम्ही न्यायाधीश व्हायचं नाही. “काका, मुलाचं बरोबर आहे,” हे वाक्य तोंडातून गेलं की पुढं प्रत्येक रंगाला काकांचा विरोध ठरलेला. तुम्ही फक्त खोक्याबद्दल बोला.

लग्नपत्रिकेत तर दुसऱ्या माणसाऐवजी दुसरं गावच असतं. नवरीचा भाऊ सांगतो, “आटोपशीर हवी, नावं कमी.” संध्याकाळपर्यंत आत्याकडून चाळीस नावं येतात, निमंत्रक वेगळे, प्रेषक वेगळे, आणि खाली चिमुकल्यांचा आग्रह: ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!’ इथं सौंदर्यदृष्टी बाजूला ठेवा. पत्रिका हा त्या घराचा नात्यांचा दस्तऐवज आहे. थोरल्या काकांचं नाव धाकट्यांच्या खाली गेलं तर ते पंधरा वर्षं निघत राहतं. म्हणून मॅटर एकाच माणसाकडून घ्या, शक्यतो घरातल्या थोरल्या बाईकडून, क्रमासकट, कागदावर हातानं लिहिलेलं. भावाला छोटीशी, मोबाइलवर पाठवायची वेगळी पत्रिका करून द्या. त्यात चार ओळी आणि मुहूर्त. दोघंही खूश, आणि दोन कामांचे पैसे.

चौथी पायरी: ठरलं ते त्याच दिवशी लिहून पाठवा

करारपत्र म्हटलं की आपल्याकडचा छोटा दुकानदार दचकतो. व्हॉट्सॲपवरचा एक मेसेज पुरतो, पण तो भेटीच्या दिवशीच जायला हवा. साधारण असा:

“नमस्कार दादा. आज ठरलं ते लिहितो. ५०० ग्रॅम बेदाणा पाकीट, पुढची आणि मागची बाजू. विक्री किराणा दुकानात, भाव मध्यम. रंग हिरवा-पिवळा, काळा नाही. पुढं मराठी नाव मोठं, इंग्रजी खाली. बाबांनी सांगितल्याप्रमाणे बागेचं चित्र मागच्या बाजूला. मी दोन नमुने दाखवीन, त्यातला एक निवडून दोनदा दुरुस्त्या. करेक्शन तुमच्याकडूनच, एकत्र यादी करून. निम्मे पैसे आगाऊ, उरलेले छपाईची फाइल देताना. मॅटर मिळाल्यापासून आठ दिवसांत पहिले नमुने. काही राहिलं असेल तर सांगा, नाहीतर ‘ठीक’ एवढं लिहा.”

त्या ‘ठीक’ची वाट बघा. ते आल्याशिवाय काम सुरू करायचं नाही, मग दादा कितीही घाईत असोत.

‘दुरुस्ती’ आणि ‘बदल’ यांतला फरक याच मेसेजच्या शेवटी एका ओळीत घाला. फोन नंबर चुकला, नाव थोडं मोठं हवं, हिरवा जरा गडद: ही दुरुस्ती. पाकिटाऐवजी डबा, बेदाण्याऐवजी मनुका, मराठीऐवजी इंग्रजी: हा बदल, त्याचे पैसे वेगळे. आधी लिहिलं असेल तर नंतर सांगताना आवाज चढवावा लागत नाही.

आणि नमुने दोनच. पाच नमुने दाखवले की ग्राहक पहिल्याचा रंग, दुसऱ्याचं अक्षर, चौथ्याचा मोर मागतो. ती मागणी विसंगत वाटते खरी, पण तिचं बी तुम्हीच पेरलेलं असतं.

पाचवी पायरी: जे तुमच्या आणि त्यांच्या हातात नाही ते वेगळं काढा

काही मागण्यांवर चर्चेची गरजच नसते, कारण कायद्यानं उत्तर दिलेलं आहे. हे माहीत असलं की तुम्ही हटवादी न दिसता ‘नाही’ म्हणू शकता.

“इंग्रजी नाव मोठं, मराठी खाली बारीक.” महाराष्ट्रात दुकानांच्या पाट्यांसाठी २०२२मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली: देवनागरीतलं मराठी नाव इतर लिपींतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाही. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही हे लागू. त्याच दुरुस्तीत असंही आहे की जिथं दारू विकली किंवा दिली जाते त्या जागेला महनीय व्यक्तींचं किंवा गडकिल्ल्यांचं नाव देता येत नाही. परमिट रूमसाठी किल्ल्याचं नाव आणि बुरुजाचा लोगो मागणारे काका आले तर स्केच काढण्याआधी हे सांगा.

“पाकिटावरचं ते बारीक बारीक काढून टाका, घाण दिसतं.” ते ‘बारीक बारीक’ म्हणजे उत्पादकाचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, तारखा, ग्राहक तक्रारीसाठी संपर्क. वेष्टनातल्या मालासाठीच्या २०११च्या वजनमापे नियमांत या नोंदी आणि अक्षरांची किमान उंचीही ठरलेली आहे. खाण्याचा पदार्थ असेल तर अन्नसुरक्षा परवान्याचा १४ अंकी क्रमांक, घटक, आणि शाकाहारासाठी हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका. तो ठिपका ब्रँडच्या रंगाला शोभावा म्हणून सोनेरी करता येत नाही. वाइनच्या लेबलावर वैधानिक इशारा लागतो. दिंडोरीकडची एखादी वायनरी असेल तर त्यांच्याकडं हे बघणारा माणूस असतोच. त्याचा नंबर पहिल्या दिवशी मागून घ्या. छोट्या चटणी-मसालेवाल्या ताईंकडं तसा माणूस नसतो. त्यांच्यासाठी या नोंदींना मागच्या बाजूला एक व्यवस्थित चौकट आधीच आखून ठेवा आणि उरलेल्या जागेत डिझाइन करा. उलट क्रमानं केलं तर शेवटी सगळं कोंबावं लागतं.

सहावी पायरी: दाखवताना

रात्री अकराला व्हॉट्सॲपवर चित्र टाकून “कसं वाटलं?” विचारलं की सगळी मेहनत पाण्यात. चित्र आकसून गेलेलं, ग्राहकाच्या फोनवर डोळ्यांसाठीचा पिवळा उजेड चालू, बघणारा अर्धा झोपेत, शेजारी मेहुणा. मत कोणाचं आलं हेही कळत नाही.

प्रत्यक्ष भेटा. पाकीट असेल तर कागदावर खऱ्या मापात छापून, कापून, चिकटवून न्या आणि दुकानाच्या फळीवर इतर पाकिटांत उभं करा. बोर्ड असेल तर दुकानाचा फोटो काढून त्यावर बसवा आणि रस्त्यापलीकडं उभं राहून दाखवा. आणि आधी दोन वाक्यं बोला: “आपण ठरवलं होतं की गाडीवरच्या माणसाला नाव आणि ‘मिसळ’ एवढं कळलं पाहिजे. ते कळतंय का बघा.” प्रश्न असा ठेवला की उत्तर ‘छान’ किंवा ‘मजा नाही’ इथून सरकून कामाचं येतं.

पडद्यावरचा रंग आणि छापलेला रंग यांत फरक पडतोच, हे या भेटीतच सांगून टाका. पडदा उजेडातून रंग करतो, कागदावर चार शाया असतात. चमकदार निळा-हिरवा छापल्यावर मंद होतो. रंगाला फार महत्त्व असेल तर थोडे पैसे घालून प्रेसमध्ये नमुना काढून घ्या.

करेक्शन फोनवर आली तरी यादी तुम्ही लिहा आणि परत पाठवा. यादीतली दोन कलमं एकमेकांशी भांडत असतील तर निवड करू नका. “३ आणि ७ एकत्र होत नाहीत: नावही मोठं आणि फोटोही मोठा. जागा ८ इंच. कोणाला किती देऊ?” इंच ग्राहकालाच वाटू द्या. फाइलींना नाव तारखेचं द्या. ‘फायनल’ हा शब्द छापून आल्यावर वापरायचा.

सातवी पायरी: प्रूफवर सही

कितीही ओळखीचे असोत, छापायला टाकण्याआधी प्रूफच्या, म्हणजे तपासायच्या नमुन्याच्या, कागदावर सही, तारीख, ‘वाचून बरोबर’. जमत नसेल तर प्रूफच्या फोटोखाली तसा मेसेज.

मराठी मजकुराला इथं जास्त जपावं लागतं. ग्राहकानं दिलेलं मॅटर जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये असेल आणि तुम्ही युनिकोडमध्ये आणलं, की जोडाक्षरं फुटतात, रफार उडतो, ‘र्‍य’चं काहीतरी भलतंच होतं. काही सॉफ्टवेअरमध्ये देवनागरीची योग्य मांडणी चालू केलेली नसली तरी वेलांट्या इकडच्या तिकडं जातात. प्रेसला फाइल देताना अक्षरांचे फॉन्टविना दिसणारे आकार (‘कर्व्ह’) करून द्या, आणि त्यानंतर पुन्हा एकदा वाचा. प्रूफ तुम्ही वाचून उपयोग नाही, तुम्हाला ते पाठ झालेलं असतं. ग्राहकाच्या घरातल्या कोणाला तरी मोठ्यानं वाचायला लावा. पत्रिकेत ‘कै.’ आणि ‘श्री.’ प्रत्येक नावाला बोट लावून तपासायचे. हयात माणसाच्या नावापुढं ‘कै.’ छापून गेलं तर त्यावर कुठलीही दुरुस्ती नाही.

आठवी पायरी: पैसे आणि फाइल

मोघम मागणीचा मोघम व्यवहाराशी जवळचा संबंध आहे. ज्यानं आगाऊ रक्कम दिली तो विचार करून बोलतो. “आधी करून तर दाखवा” म्हणणारा मात्र वाऱ्यासारखा दिशा बदलतो, कारण त्याचं काहीच अडकलेलं नसतं.

आपल्या भागात अजून एक वाक्य ऐकाल: “द्राक्षाचे पैसे आले की देतो.” बोलणारा खोटं बोलत नसतो, घरातला पैसाच हंगामात येतो. पण ‘पैसे आले की’ ही तारीख नव्हे. हसून तारीख लिहून घ्या, हवं तर दोन हप्ते करा. कंपन्यांशी काम करत असाल, सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींत अशी कामं बरीच मिळतात, तर उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करून ठेवा. सरकारी संकेतस्थळावर ती मोफत होते. २००६च्या सूक्ष्म-लघु उद्योगांच्या कायद्यानुसार नोंदणीकृत पुरवठादाराला लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर व्याजाचीही तरतूद आहे. बिलावर नोंदणी क्रमांक छापला की पुष्कळदा तेवढंच पुरतं.

‘ओपन फाइल द्या’, म्हणजे पुढं बदल करता येतील अशी मूळ फाइल द्या, ही मागणी शेवटी येतेच. ती द्यायची की नाही आणि किती पैशांत, हे चौथ्या पायरीच्या मेसेजमध्येच लिहिलेलं असावं. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क दुसऱ्याच्या नावे करायचे तर ते लेखी लागतं. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं, असं धरलं जातं. निर्यात करणाऱ्या ग्राहकाला हे सांगितलंत तर तो स्वतःच नीट कागद करून घेईल, आणि पैसेही नीट देईल.

नाही म्हणायची वेळही येते. दुसरा माणूस भेटायलाच तयार नाही, ‘ठीक’ लिहून देत नाही, आगाऊ रक्कम नाही आणि दुसऱ्याचा लोगो ‘थोडा बदलून’ हवाय: यातल्या पहिल्या तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर काम सोडा, चौथी एकटी दिसली तरी सोडा. कारण सांगताना लांबण लावू नका. “दादा, सध्या हातात कामं आहेत, मला तुमचं वेळेत जमणार नाही,” एवढं बास.

सही केलेलं प्रूफ, ठरलेला मेसेज आणि छपाईची फाइल एकाच फोल्डरमध्ये, दोन ठिकाणी जपून ठेवा. द्राक्षवाले ऑक्टोबर छाटणी झाली की पुढच्या हंगामाच्या खोक्यासाठी परत येतात आणि म्हणतात, “गेल्या वर्षीचंच, फक्त जरा वेगळं.” तेव्हा तो कागद टेबलावर ठेवायचा आणि पेन त्यांच्या हातात द्यायचं.